हालस्टाट : वीतभर जमिनीचे गाव

काही गावांचे चित्र आधी घरोघर पोहोचते आणि नाव मागाहून कळते. निळसर काळे तळे, काठावर एकमेकांच्या खांद्यावर उभी असावीत तशी लाकडी घरे, मधोमध एका चर्चचा निमुळता सुळका आणि पाठीमागे ढगांत शिरलेला डोंगर, हे चित्र आमच्या वाचकांनी कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरावर किंवा बिस्किटांच्या डब्यावर नक्कीच पाहिले असेल. ते ऑस्ट्रियातील हालस्टाट या गावाचे. अप्पर ऑस्ट्रिया प्रांतातील साल्झकामरगूट नावाच्या डोंगराळ मुलखात, डाखस्टाइन पर्वताच्या पायथ्याशी ते वसले आहे. वस्ती अवघी साडेसातशेच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम धर्मग्रामात रविवारच्या एका मिस्साला याहून अधिक माणसे जमतात.

या चित्रात एक गोष्ट मात्र दिसत नाही. हालस्टाटला जमीन नाही. समुद्रसपाटीपासून ५०८ मीटर उंचीवर सव्वाशे मीटर खोल तळे आणि त्याच्या काठावरूनच सरळ वर चढणारा कडा, या दोहोंमध्ये जी अरुंद पट्टी उरली, तिच्यावर सारे गाव रचलेले आहे. शेताला जागा नाही, बागेला नाही, म्हणून फळझाडेसुद्धा घरांच्या भिंतींना चिकटवून, फांद्या आडव्या पसरून वाढवतात. १८९० साली काठाने रस्ता फोडला जाईपर्यंत गावात यायचे ते होडीने किंवा डोंगरातल्या पायवाटेने. गावातली वरची वाट तर काही ठिकाणी लोकांच्या घरांच्या माळ्यांतून जात असे. १८७७ साली आगगाडी आली, पण रूळ टाकण्याइतकी जमीन समोरच्या तीरावरच मिळाली. त्यामुळे आजही स्टेशनावर उतरलेला प्रवासी लहानशा बोटीने तळे ओलांडूनच गावात पाऊल ठेवतो.

असल्या जागी माणूस राहायला आलाच कशाला? याचे उत्तर एका शब्दात आहे : मीठ. गावाच्या माथ्यावर, डोंगराच्या कुशीतील उंच दरीत, मिठाचे प्रचंड साठे आहेत. गावाच्या नावातला ‘हाल’ हा शब्दही त्या परिसरात मिठाच्या ठिकाणांशी जोडलेला आहे. वसईच्या मिठागरांत वाफ्यांवर उन्हात चमकणारे मीठ पाहिलेल्या आपल्या लोकांना डोंगराच्या पोटातून मीठ खणून काढणे जरा विचित्र वाटेल. पण समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसांना हिवाळ्यासाठी मांस टिकवायचे तर दुसरा उपाय नव्हता. १८३८ साली तेथे हरणाच्या शिंगाचे एक खणण्याचे हत्यार सापडले, ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचे ठरले आहे. ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकातील एक लाकडी जिना खाणीत सापडला. त्याचे लाकूड ख्रि.पू. १३४४-४३ च्या सुमारास तोडलेले आहे, म्हणजे आज त्याला तेहतीसशे वर्षांहून अधिक काळ लोटला. मिठात काही कुजत नाही. म्हणून त्या काळच्या कामगारांच्या चामड्याच्या पाठपिशव्या, विणलेल्या कापडाचे तुकडे, अंधारात जाळलेल्या लाकडी काड्या, हे सारे काल ठेवून दिल्यासारखे हाती लागते.

खाणीचा एक अधिकारी, योहान गेओर्ग रामझावर, याने १८४६ ते १८६३ या काळात वरच्या दरीतील प्राचीन दफनभूमी खणली आणि ९८० कबरी उघडल्या. पुराणवस्तुशास्त्राचे शिक्षण त्याला नव्हते. पण प्रत्येक कबरीतील सांगाडा कसा होता, कोणती वस्तू कुठे होती, याची जलरंगात चित्रे त्याने काढवून घेतली. त्या काळात विद्वान म्हणवणारे लोकही इतकी काळजी घेत नसत. त्या कबरींत बाल्टिक समुद्राकाठचा अंबर आणि दूर दक्षिणेचे हस्तिदंत सापडले. मिठाच्या मोबदल्यात जग या कोपऱ्यापर्यंत चालत येत होते. युरोपच्या इतिहासातील ख्रि.पू. ८०० ते ४५० या कालखंडाला आज विद्वान ‘हालस्टाट संस्कृती’ म्हणतात. परंतु आम्हाला अंबराहून अधिक बोलकी वाटतात ती तिथली हाडे. स्त्रियांच्या व लहान मुलांच्या सांगाड्यांवरही जड ओझी वाहिल्याच्या खुणा आहेत. पुढच्या काळातही हे चित्र फारसे बदलले नाही. पुरुष आठवडाभर वर खाणीजवळच्या घरात राहत आणि शनिवारी खाली येत. खडेमीठ पाठीवर लादून ती घसरडी वाट उतरण्याचे काम एकोणिसाव्या शतकापर्यंत बायका करीत. कॅलेंडरावरच्या त्या सुंदर डोंगराला अशीही एक बाजू आहे.

जेथे मीठ तेथे राजा. १२८४ साली ड्यूक आल्ब्रेख्त याने खाणीच्या रक्षणासाठी डोंगरावर बुरूज बांधला व त्याला आपल्या पित्याचे, रूडोल्फचे नाव दिले. हे रक्षण कोणापासून, तर साल्झबर्गच्या आर्चबिशपपासून! त्या आर्चबिशपच्याही स्वतःच्या मिठाच्या खाणी होत्या आणि मिठावरून दोघांत खरोखरीची लढाई झाली. धर्मपीठ आणि तिजोरी एकाच हाती असली की काय होते, याचा हा एक नमुना. १३११ साली आल्ब्रेख्तच्या विधवा राणीने, एलिझाबेथने, हालस्टाटला बाजारगावाचा हक्क दिला. पुढे हाब्सबर्ग घराण्याने हा सारा मुलूख आपली खासगी मिळकत असल्यासारखा सांभाळला. १५९५ ते १६०७ या काळात सुमारे तेरा हजार झाडांचे बुंधे आतून पोखरून, एकास एक जोडून, खारे पाणी चाळीस किलोमीटर दूर एबनझेला नेणारी नळवाट घातली गेली. लाकूड जाऊन नव्या नळ्या आल्या, पण खारे पाणी आजही त्याच दिशेने वाहते आहे.

आता कॅथलिक म्हणून ज्या प्रकरणाकडे आम्हाला डोळेझाक करता येत नाही, तेथे येऊ. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरची शिकवण या खाणींत पोहोचली आणि शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मुलखातील बहुसंख्य मीठ-कामगार प्रॉटेस्टंट झाले. नंतर राज्यकर्त्यांनी कॅथलिक धर्म पुन्हा सक्तीचा केला. लोकांनी उठाव केला. तो १६०२ साली साल्झबर्गचा आर्चबिशप वुल्फ डीट्रिख याच्या सैन्याच्या मदतीने चिरडण्यात आला. पुढची सव्वाशे वर्षे कित्येक कुटुंबे दिवसा मिस्साला जात आणि रात्री दारे लावून, लपवलेले बायबल काढून वाचीत. ज्यांना धर्मासाठी लपावे लागले, अशा कॅथलिकांच्या कथा आपण इंग्लंड-जपानच्या इतिहासात भक्तिभावाने वाचतो. येथे लपणारे दुसरे होते, आणि शोध घेणारे आपले.

१७३१ साली साल्झबर्गच्या आर्चबिशप फिर्मियान यांनी आपल्या राज्यातील सुमारे वीस हजार प्रॉटेस्टंटांना हद्दपार केले. तेव्हा शेजारच्या साल्झकामरगूटमधील लपलेले लोकही उघडपणे पुढे आले व आम्हालाही जाऊ द्या म्हणू लागले. सम्राट सहावा चार्ल्स पेचात पडला. त्याला राज्यात प्रॉटेस्टंट नको होते. पण कुशल मीठ-कामगार प्रशियाच्या राजाच्या हाती जाणेही नको होते. तोडगा निघाला तो असा : त्यांना आपल्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, जेथे जर्मन भाषिक ल्यूथरपंथीय आधीपासून राहत होते, त्या ट्रान्सिल्व्हानियात नेऊन वसवायचे. १७३४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे वसईचा किल्ला पडण्याच्या पाच वर्षे आधी, हालस्टाट, इश्ल आणि गॉइझर्न येथील कुटुंबांची पहिली तुकडी निघाली. डॅन्यूब नदीच्या प्रवाहाबरोबर होड्या पूर्वेकडे गेल्या. १७३७ पर्यंत या मुलखातून सहाशेहून अधिक माणसे गेली. वाटेत आणि नव्या हवेत अनेक जण आजारपणाने दगावले. चार्ल्सची कन्या महाराणी मारिया तेरेसा हिच्या कारकिर्दीत हेच सत्र आणखी मोठ्या प्रमाणावर चालले. कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी कित्येकांची लहान मुले काढून घेऊन मागे ठेवण्यात आली. ही गोष्ट लिहिताना आमची लेखणी अडखळते.

योगायोग असा की त्याच १७३४ साली खाणीत मिठात रुतलेला एक मृतदेह सापडला. शेकडो वर्षांपूर्वी दरड कोसळून गाडला गेलेला तो कोणी प्राचीन खाणकामगार होता. मिठाने त्याला टिकवले होते. माणसांनी त्याला बाहेर काढून पुरून टाकले. आज शास्त्रज्ञ त्या देहासाठी हळहळतात. त्याच वर्षी जी जिवंत माणसे गावातून बाहेर काढली, त्यांच्यासाठी हळहळणारे तेव्हा किती होते, हे इतिहास सांगत नाही.

त्या निर्वासितांच्या वंशजांना ‘लांडलर’ म्हणतात. सध्याच्या रुमानियातील सिबियू शहराच्या आसपासच्या तीन गावांत त्यांनी आपली बोली आणि पेहराव अडीचशे वर्षे जपला. १९८९ साली तेथील साम्यवादी सत्ता कोसळल्यावर त्यांच्यापैकी बहुतेक जण जर्मनी-ऑस्ट्रियाकडे परतले. इकडे हालस्टाटमध्ये १७८१ साली सम्राट दुसरा जोसेफ याने सहिष्णुतेचा हुकूम काढताच लपलेले प्रॉटेस्टंट पुन्हा उजेडात आले. त्यांना उंच मनोरा असलेले चर्च बांधण्याची परवानगी मात्र नव्हती. समान हक्क १८६१ साली मिळाले आणि १८६३ साली त्यांचे चर्च उभे राहिले. कॅलेंडरावर मधोमध दिसणारा तो निमुळता सुळका त्याच चर्चचा आहे! आपल्यापैकी अनेक जण तो आपल्याच चर्चचा समजून कौतुकाने पाहतात. कॅथलिक चर्च थोडे वर, डोंगराला टेकून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याचे जाहीर केले, त्याआधी एक शतक हालस्टाटच्या लोकांना एकाच वीतभर जमिनीवर दोन मनोरे मावतात हे उमगले होते.

या वरच्या चर्चमध्ये जाऊ. धन्य कुमारी मरियेच्या स्वर्गोन्नयनाला ते वाहिलेले आहे. आजची इमारत १५०५ च्या सुमाराची, मनोरा त्याहून दोनेक शतके जुना. आत लिओनहार्ट आस्टल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी घडवलेली पंखांची वेदी आहे. लाकडी फळ्या दारांसारख्या उघडझाप होतात आणि सणावारानुसार मरियेच्या व येशूच्या जीवनातील वेगवेगळी दृश्ये समोर येतात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी तो उघडणारा ग्रंथच होता. १७५० साली मोठ्या आगीत गावाचा मध्यभाग जळाला, पण उंचावरचे हे चर्च वाचले.

चर्चला लागून लहानशी दफनभूमी आहे आणि तिच्याजवळ संत मिखाएलचे बाराव्या शतकातील कपेल. त्याच्या तळघरात अस्थिगृह आहे. जमीन नसल्याचे दुःख मेलेल्यांनाही चुकले नाही. कबरी वाढवायला जागाच नव्हती, म्हणून दहा-पंधरा वर्षांनी कबर उघडून हाडे काढली जात आणि ती जागा दुसऱ्याला दिली जाई. आमच्याकडील अनेक जुन्या दफनभूम्यांतही असेच करतात, त्यामुळे त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. कवटी स्वच्छ करून काही आठवडे उन्हात आणि चांदण्यात ठेवत. ती हस्तिदंतासारखी पांढरी झाली की तिच्यावर मृताचे नाव लिहीत, बहुधा मृत्यूचे वर्षही, आणि कपाळाभोवती हार रंगवीत. पुरुषांसाठी ओकची किंवा आयव्हीची पाने, स्त्रियांसाठी गुलाबासारखी फुले. ही रीत १७२० च्या सुमारास सुरू झाली. हे काम बहुधा कबर खणणाराच करी. तेथे आज सुमारे १२०० कवट्या असून त्यांपैकी ६१० रंगवलेल्या आहेत. एका घराण्यातील माणसांच्या कवट्या शेजारी शेजारी मांडल्या आहेत : बाप, लेक, सून, नातू.

पर्यटक येथे येतात, बाहेर तिकीट घेतात, आत शिरताच दचकतात आणि मग कॅमेरा काढतात. कोणाला त्यात भुताखेताचे काही दिसते. त्यात आम्हाला दिसते ते निराळेच. ज्याला आपण धर्मसारात ‘देहाचे पुनरुत्थान’ म्हणतो, त्याच्यावर या खाणकामगारांचा इतका साधा, घरगुती विश्वास होता की जागा रिकामी करावी लागली म्हणून त्यांनी आपल्या माणसाला टाकून दिले नाही. त्याच्या कपाळावर नाव लिहिले, हार घातला आणि आपल्या माणसांत नेऊन बसवले. शेवटच्या दिवशी हाक येईल तेव्हा प्रत्येकाला ओळखता यावे! मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६३ साली पवित्र धर्मपीठाने दहनसंस्काराला मुभा दिली. दहनानंतर लागणारी जागा अगदी थोडी; त्यामुळे हालस्टाटमध्ये ही रीत हळूहळू मागे पडली. शेवटची कवटी १९९५ साली तेथे आली. १९८३ साली मरण पावलेल्या एका स्त्रीने तशी इच्छा सांगून ठेवली होती. क्रूसाच्या पायाशी ती ठेवलेली आहे आणि तिच्या जबड्यातील सोन्याचा दात अजून चमकतो.

जमीन नसल्याने गावाने मेलेल्यांसाठी जशी वाट काढली, तशीच प्रभूसाठीही. ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक न्यायची कुठून? एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अरुंद गल्ली! म्हणून सतराव्या शतकापासून मिरवणूक तळ्यावर उतरते. ऑस्ट्रियात हा सण आजही गुरुवारीच साजरा होतो. सकाळच्या मिस्सानंतर धर्मगुरू पवित्र साक्रामेंत घेऊन हिरव्या फांद्यांनी सजवलेल्या मोठ्या होडीत चढतात. पूर्वी याच सपाट तळाच्या होड्यांतून मीठ जाई. मागोमाग गायकवृंद, वाद्ये वाजवणारे, पारंपरिक पोशाखातले स्त्री-पुरुष आणि घरोघरच्या लहान होड्या निघतात. ठरलेल्या ठिकाणी थांबून शुभवर्तमानाचे वाचन होते, आशीर्वाद दिला जातो, तोफांचे बार डोंगरांत घुमतात. पाऊस असेल तर तळ्यावर जाता येत नाही. या मिरवणुकीच्या आरंभी भक्तीबरोबर शक्तिप्रदर्शनही होते, हे सांगायला हवे. ज्या शतकात ती सुरू झाली, त्याच शतकात लपून बायबल वाचणाऱ्यांच्या खिडकीखालून ती जात होती. आज त्या खिडक्यांतले लोक काठावर येऊन ती पाहतात, हा काळाने दिलेला मोठा आशीर्वाद आहे.

आता पर्यटकांविषयी. प्रवासी येथे एकोणिसाव्या शतकापासून येत आहेत. आधी चित्रकार व कवी आले, आगगाडीनंतर इतर. १९९७ साली युनेस्कोने हालस्टाट-डाखस्टाइन परिसराला जागतिक वारशाचा मान दिला. २००६ साली एका कोरियन दूरदर्शन मालिकेत गाव दिसले आणि पूर्व आशियातून लोंढा सुरू झाला. २०१२ साली तर चीनच्या ग्वांगडुंग प्रांतात एका खाण-कंपनीने हालस्टाटची प्रतिकृतीच बांधली : तोच चौक, तोच सुळका, शेजारी तळेही. मात्र प्रतिकृतीत अस्थिगृह नाही आणि १७३४ साल नाही. नक्कल केवळ भिंतींची होते. नक्कल पाहिलेल्यांना मूळ पाहण्याची ओढ लागली. कोरोनाच्या साथीपूर्वी वर्षाला सुमारे दहा लाख माणसे येथे येऊ लागली होती. गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत. साडेसातशे माणसांच्या गावात! २०२० पासून बसगाड्यांना आधी वेळ ठरवून मगच येऊ दिले जाते.

पर्यटकांनी गावाला काही दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. खाणीत आता पूर्वीसारखी शेकडो माणसे लागत नाहीत. वाहनतळाच्या आणि स्वच्छतागृहांच्या शुल्कावर गावची तिजोरी भरते. खानावळी, दुकाने, बोटी यांवर घरे चालतात. पण कोणी अंगणात शिरून छायाचित्र काढते, कोणी दार ढकलून आत डोकावते, शांतता राखा अशा पाट्या अनेक भाषांत लावाव्या लागतात. घरांच्या किमती वाढल्या की तरुण जोडपी शेजारच्या गावांकडे वळतात आणि त्यांच्या घराच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने जातात. २०२३ च्या मे महिन्यात, सर्वांत अधिक छायाचित्रे काढली जातात त्या ठिकाणी, दृश्य झाकण्यासाठी गावाने लाकडी कुंपण उभारले. जगभर ओरड झाली आणि ते काढावे लागले. त्याच ऑगस्टमध्ये शंभरेक रहिवाशांनी गावात येणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी निदर्शने केली. त्यांची मागणी फार मोठी नव्हती : दिवसाला किती माणसे याला काही मर्यादा हवी, आणि संध्याकाळी पाचनंतर पर्यटकांच्या बसगाड्या नकोत. सम्राटाने माणसे हलवली ती हुकूम काढून. भाडे आणि गर्दी यांना हुकुमाची गरज लागत नाही.

संध्याकाळी शेवटच्या बसगाड्या बोगद्यातून निघून जातात, समोरच्या तीरावरून आलेली बोट दोर बांधून उभी राहते. वरच्या दरीत खाण अजून चालू आहे. खाली १८७३ पासून लाकूडकाम शिकवणारी शाळा आहे आणि तिच्या जिवावर गावात अजून तरुण पोरांचे आवाज ऐकू येतात. वर्षातून एका गुरुवारी, आकाश स्वच्छ असेल तर, गावकरी आपापल्या होड्या सोडतात आणि त्या दिवसापुरते तळे पुन्हा धर्मग्रामाचे होते.